गावच्या शाळेची शंभरी: समितीत पहिल्यांदाच आलेल्यांसाठी

गावच्या जिल्हा परिषद शाळेला शंभर, पंचाहत्तर किंवा सव्वाशे वर्षं होणार असं कळलं की पहिल्याच बैठकीत विषय मंडपाचा निघतो. पाहुणा कोणता आणायचा, कमानीवर नाव कोणाचं टाकायचं, जेवणाला काय ठेवायचं. दोन तास यातच जातात आणि शाळेच्या कपाटातलं, दाखल मुलांच्या नोंदींचं जनरल रजिस्टर कोणी उघडूनही पाहत नाही. या लेखात क्रम उलटा धरला आहे: आधी रजिस्टर, मग माणसं, मग पैसा आणि सगळ्यात शेवटी मंडप. हाताशी निदान आठ-दहा महिने असतील तर हे सगळं निवांत जमतं. तीनच महिने उरले असतील तर स्मरणिका सोडून द्या, पण रजिस्टर सोडू नका.

पायरी पहिली: वर्ष पक्कं करा

शाळेच्या भिंतीवर स्थापनेचं वर्ष रंगवलेलं असतं. ते आलं कुठून, असं विचारलं तर मागच्या रंगकामाच्या वेळी होतं तसंच पुन्हा लिहिलं, एवढंच उत्तर मिळतं. त्यामुळे त्या आकड्यावर विसंबून पत्रिका छापायला टाकू नका.

पहिला पुरावा म्हणजे दाखल मुलांचं जनरल रजिस्टर. त्यातलं सगळ्यात जुनं बाड काढा आणि पहिल्या नोंदीचा अनुक्रमांक बघा. तो १ असेल तर उत्तम. तो २१४ असेल, तर तुमच्या हातातलं रजिस्टर पहिलं नाही आणि शाळा त्याहून जुनी आहे. दुसरा पुरावा शेरेबुकाचा. तपासणीला आलेले अधिकारी त्यात तारीख घालून शेरा लिहीत, आणि पटावर किती मुलं होती, शाळा कुठे भरत होती, हेही बरेचदा त्यात सापडतं. तिसरा पुरावा जागेचा. शाळेला जमीन कोणी दिली असेल तर बक्षीसपत्र किंवा फेरफाराची नोंद असू शकते. पण इथे एक गोम आहे. कित्येक शाळा आधी देवळात, चावडीत, कोणाच्या तरी ओसरीवर भरत होत्या. इमारत नंतर आली. इमारतीचं वर्ष हे शाळेचं वर्ष नव्हे. तसंच, काही गावांत मुलांची आणि मुलींची शाळा वेगळी होती आणि पुढे दोन्ही एकत्र झाल्या. अशा वेळी शंभरी नेमकी कोणाची, हे आधीच ठरवा, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी वाद निघतो.

कागद वाचताना शिक्के नीट बघा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. त्याआधीच्या कागदांवर ‘जिल्हा परिषद’ असणारच नाही. मुंबई इलाख्यातल्या गावांत लोकल बोर्ड किंवा स्कूल बोर्ड असं काहीतरी असेल, कारण १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे गेला होता. गाव संस्थानी मुलखातलं असेल तर दप्तर वेगळं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे त्या भागातल्या शाळांच्या वर्षांकडे या नजरेनेही बघायला हवं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता; तिथली जुनी नोंद उर्दूत निघू शकते. विदर्भातल्या गावांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे कागद शोधायचे. शाळेत काहीच सापडलं नाही तर पंचायत समितीचा शिक्षण विभाग, तिथेही नाही तर राज्याच्या पुराभिलेख विभागाची कार्यालयं. मुंबईखेरीज पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही ती आहेत.

जुनी पानं मोडीत असतील तर घाबरू नका. मोडी वाचणारी माणसं आजही मिळतात, आणि रजिस्टरातली मोडी दस्तऐवजांपेक्षा सोपी असते: नावं, तारखा आणि ठरावीक शेरे.

एवढं करूनही वर्ष पक्कं झालं नाही तर खोटा ठामपणा नको. ‘निदान १९२६ पासून’ असं लिहिलं म्हणून कोणाचा कमीपणा होत नाही.

पायरी दुसरी: शाळेला विचारून समिती करा

शाळा गावाची असली तरी इमारत आणि दप्तर जिल्हा परिषदेचं आहे. म्हणून पहिली बैठक शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, केंद्रप्रमुखांना कळवा. महोत्सव समिती वेगळी केलीत तरी तिच्यात मुख्याध्यापक आणि दोन-तीन पालक हवेतच.

मुंबई-पुण्याला असलेले माजी विद्यार्थी उत्साही असतात, फोनवरून सूचनांचा पाऊस पाडतात. त्यांना समितीत जरूर घ्या, पण शाळेच्या किल्ल्या, चहापाणी, खुर्च्या ही कामं गावात राहणाऱ्यांच्या अंगावर पडतात, तेव्हा शेवटचा शब्द गावातल्यांचा असू द्या. आणि शिक्षकांवर सगळा भार टाकू नका. आधीच त्यांच्यामागे माहिती भरण्याची कामं थोडी नाहीत.

पायरी तिसरी: रजिस्टरातून यादी

ही सगळ्यात कष्टाची आणि सगळ्यात मोलाची पायरी आहे. दोन-तीन चांगल्या अक्षराच्या, धीराच्या माणसांना बसवा. रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही. शाळेतच, मुख्याध्यापकांच्या समोर, उजेडात टेबलावर ठेवून प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या. पान फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको. मग फोटोंवरून संगणकावर तक्ता करा: रजिस्टर क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता. बाकीचे रकाने घेऊ नका.

ते का नको, हे समजून घ्या. जनरल रजिस्टरात जातीचा रकाना असतो आणि ते दाखल्यांसाठी कायदेशीर पुरावा म्हणून चालतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुने दस्तऐवज तपासले गेले, त्यात शाळांची रजिस्टरंही होती. त्यामुळे ‘बघा, आजोबांचं नाव’ म्हणत अख्ख्या पानाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर त्याच पानावरच्या बाकी पंचवीस जणांची जात आणि जन्मतारीख जगजाहीर होते. ज्याला आपली नोंद हवी त्याने मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा.

जन्मतारखांवरून वर्गमित्रांचे वाढदिवस काढायला जाऊ नका. गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या ‘१ जून’ची रांगच्या रांग दिसेल, त्यावर विश्वास ठेवला तर अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलं होतं.

‘शाळा सोडल्याचं कारण’ हा रकाना मात्र वाचा. गैरहजर, परगावी गेले, शेतीकाम, लग्न. चौथीत शाळा सोडलेली माणसंही माजी विद्यार्थीच. बहुतेक कार्यक्रमांत निमंत्रण अधिकारी, डॉक्टर, फौजदार झालेल्यांना जातं आणि गावातच रोजाने काम करणाऱ्याला शाळेची शंभरी लाउडस्पीकरवरून कळते. यादी रजिस्टरावरून केली तर हे आपोआप टळतं, कारण रजिस्टरात दोघांची नावं एकाच शाईने लिहिलेली आहेत.

पायरी चौथी: लेकींना शोधा

मुलगे सापडतात. मुली सापडत नाहीत. रजिस्टरात माहेरचं नाव आहे. लग्नानंतर आडनाव बदललं, कित्येकींचं नावही बदललं. त्यामुळे मेळाव्याच्या फोटोत पांढरे शर्ट दिसतात आणि साड्या फक्त शिक्षिकांच्या आणि औक्षण करणाऱ्या मुलींच्या.

यासाठी वेगळी टोळी करा, आणि ती बायकांचीच असू द्या. तक्त्यातून मुलींची नावं वेगळी काढून वाडीनिहाय, भावकीनिहाय छापा. मग ती यादी घेऊन बचत गटाच्या बैठकीत बसा. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि माहेरची भावजय या तिघींना जे माहीत असतं ते कोणत्याही ग्रुपवर मिळत नाही. भाऊ फोन नंबर द्यायला कधी कधी कचरतात. तेव्हा नंबर मागण्याऐवजी आपला नंबर द्या आणि तिलाच फोन करायला सांगा. घरात भावाबहिणीचा जमिनीवरून अबोला असेल तर भावाच्या हाती पत्रिका देऊन चालणार नाही, ती थेट तिच्याकडे गेली पाहिजे.

पत्रिकेवर ‘श्री. व सौ.’ लिहू नका. तिचं शाळेतलं नाव आधी, आताचं नाव नंतर. ओळखपत्रावरही तसंच, नाहीतर बाकावर शेजारी बसलेली मैत्रीण तीस वर्षांनी समोर येऊन उभी राहील आणि कोणीच कोणाला ओळखणार नाही. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे तिला त्याच दिवशी परत जायचं असू शकतं. एसटीच्या परतीच्या वेळा बघा आणि मुख्य कार्यक्रम त्याआधी संपवा.

शिक्षकांची यादी तुलनेने सोपी. जुनी हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं, पंचायत समिती, निवृत्त शिक्षकांच्या संघटना यांतून पत्ते मिळतात. त्या यादीत शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आणि शाळेला जागा दिलेल्या घरची माणसं घालायला विसरू नका.

पायरी पाचवी: तारीख

स्थापनेची तिथी जूनच्या पावसात येत असेल तर ती धरून बसायचं कारण नाही. त्या दिवशी शाळेत छोटा परिपाठ आणि झाड लावणं पुरे. मोठा कार्यक्रम लोक गावात असतील तेव्हा. कोकणात गणपती किंवा शिमगा, देशावर गावची यात्रा किंवा दिवाळीची सुट्टी. ऊसतोडीला जाणारं गाव असेल तर दिवाळीनंतर कोयते (तोडणी मजुरांच्या जोड्या) गेलेले असतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, माणसं परतत नाहीत, तेव्हा दिवाळीच्या आत किंवा थेट उन्हाळ्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. दाट लग्नतिथी टाळा. २६ जानेवारीला निम्मं गाव तसंही शाळेत येतं, पण त्या दिवशी पाहुणे आणि अधिकारी चार ठिकाणी वाटलेले असतात.

निवडणुकांचा अंदाज घ्या. आचारसंहिता लागली तर मंचावर कोण बसणार आणि कोणाच्या नावाची कोनशिला लागणार, हा प्रश्न अचानक फार अवघड होतो.

पायरी सहावी: पैसा, आणि तो कशाला

घरटी वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१क माहीत असू द्या. नोंदणीकृत न्यास नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी पैसे जमवायचे, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावं लागतं. गणपती मंडळं हे दरवर्षी करतात, त्यांच्यापैकी कोणाला तरी विचारलं की कागदपत्रं कळतात. पैसे कोणाच्याही खासगी खात्यावर किंवा वैयक्तिक क्यूआर कोडवर घेऊ नका. दोन सह्यांचं खातं, छापील क्रमांकाची पावती, आणि दर आठवड्याला जमाखर्चाचा कागद शाळेच्या फलकावर. ‘आयकरात सूट’ असं पावतीवर छापण्याचा मोह होतो. ८०-जी नोंदणी असलेल्या संस्थेची पावती असल्याशिवाय ते छापणं म्हणजे देणगीदाराची फसवणूक.

पैसे कशावर घालायचे, याबद्दल माझं मत सांगतो. कमान नको. प्रवेशद्वाराची दगडी कमान बघायला छान, पण मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसताना ती बांधणं मला पटत नाही. आधी पाणी, स्वच्छतागृह, गळकं छप्पर, विजेचं बिल. मग पुस्तकं. त्यानंतर उरले तर कमान. मुख्याध्यापकांना ‘काय हवं’ असं चारचौघांत विचारलं तर ते संकोचाने ‘प्रोजेक्टर’ म्हणतात. मुलांना विचारा, ती नळाचं नाव घेतील.

जिल्हा परिषदेच्या इमारतीत तोडफोड किंवा बांधकाम स्वतःच्या मनाने करता येत नाही. जुनी धोकादायक खोली पाडायची तर निर्लेखनाची (ती दप्तरातून कमी करण्याची) रीतसर प्रक्रिया आहे, नवी बांधायची तर परवानगी. ही फाईल महोत्सवाच्या सुरुवातीलाच हलवा. आणि कौलारू जुना व्हरांडा कितीही देखणा असला तरी कार्यक्रमाच्या दिवशी त्याखाली गर्दी बसवू नका.

पायरी सातवी: स्मरणिका

स्मरणिकेत शुभेच्छासंदेशांची पानं कमी करा, तेवढी जागा आठवणींना मिळेल. लोकांना ‘आठवण लिहून द्या’ म्हटलं तर ‘आमची शाळा हे ज्ञानमंदिर’ छाप निबंध येतात. त्याऐवजी घरी जा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि नेमकं विचारा. सत्तरीच्या पुढच्यांना विचारा, सातवीची फायनल द्यायला कुठल्या गावी जायचात, मुक्काम कोणाकडे होता. साठीच्या आसपासच्यांना १९७२च्या दुष्काळातली शाळा आणि सुकडी विचारा. नव्वदच्या दशकातल्यांना घरी मिळणारे तीन किलो तांदूळ आठवतात. कोणाला शाळा सारवायची पाळी आठवते, कोणाला बाईंनी स्वतःच्या पैशाने भरलेली परीक्षेची फी. सगळ्यात वयस्कर माणसांकडे आधी जा, याचं कारण वेगळं सांगायला नको.

एक जपून: शाळेत सगळ्यांना सारखंच वागवलं गेलं असं नाही. पाण्याचा माठ वेगळा होता, वर्गाबाहेर बसवलं, अशी आठवण कोणी सांगितली तर ती ‘सोहळ्यात कशाला’ म्हणून कापू नका. सांगणाऱ्याची संमती घ्या आणि छापा.

जुने फोटो मागताना मूळ प्रत घरीच राहू द्या, तिथेच स्कॅन करा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. वर्गाच्या समूहफोटोची मोठी प्रिंट काढून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या आणि ती गावात फिरवा. नावं अशी भराभर जमतात, आणि दोन घरांनी एकाच क्रमांकावर हक्क सांगितला तर भांडणंही मजेशीर होतात.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. छपाईवाले बरेचदा जुन्या फाँटमध्ये रूपांतर करतात आणि त्यात जोडाक्षरं, रफार बिघडतात. म्हणून अंतिम प्रूफ कागदावर, मोठ्याने वाचून तपासा. नावं दोघांनी. फोन नंबर आणि पत्ते छापू नका.

पायरी आठवी: तो दिवस

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी घ्या. शाळांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्रात मोडू शकतो आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावायचा नसतो. त्यामुळे रात्रीच्या ऑर्केस्ट्राची कल्पना कोणी मांडली तर हा नियम सांगा, विषय तिथेच मिटतो.

सकाळी प्रभातफेरी, लेझीम, मग नेहमीचा परिपाठ. प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा, सगळं आताच्या मुलांनीच घ्यायचं आणि माजी विद्यार्थ्यांनी रांगेत उभं राहायचं. त्यानंतर हजेरी. माझ्या मते संपूर्ण दिवसातला हा भाग सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा आहे. निवृत्त गुरुजी किंवा बाई आपल्या काळातल्या वर्गांची नावं घेतात आणि माणसं ‘हजर’ म्हणतात. नावं दाखल वर्षाच्या क्रमाने, दहा-दहा वर्षांचे गट करून. वारलेल्यांची नावं गाळू नका. घरच्यांपैकी कोणी आलं असेल तर त्यांनी ‘हजर’ म्हणावं. कोण वारलं हे आधीच तपासलेलं असू द्या, म्हणजे गुरुजींना भर सभेत धक्का बसणार नाही.

भाषणं तीन. पाहुण्यांना वेळ लिहून कळवा आणि ते उशिरा आले तर कार्यक्रम थांबवू नका. शाल-श्रीफळ मंचावर एकेकाला बोलावून दिलं की दीड तास जातो. वृद्ध शिक्षकांचा सत्कार त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन करा. मुख्य म्हणजे, पाहुण्यांच्या स्वागतासाठी शाळेतल्या पोरांना उन्हात तासभर उभं करू नका.

बाकी तपशील तुम्हाला लग्नकार्यातून ठाऊक आहेत: पाणी, सावली, गाड्या लावायला जागा, प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कल्पना. नोंदणीची टेबलं मात्र आडनावाप्रमाणे न लावता दाखल वर्षाप्रमाणे लावा. गावात चारच आडनावं असतात, एका टेबलावर सगळी झुंबड उडेल. आणि वर्षाच्या टेबलापाशी वर्गमित्र आपोआप भेटतात.

एक टेबल आताच्या शाळेचं ठेवा: यंदा पटावर किती मुलं, कोणत्या वर्गात किती, काय कमी आहे. कित्येक गावांत पट विसाच्या खाली आला आहे आणि शंभरी साजरी करणाऱ्यांची स्वतःची नातवंडं पिवळ्या बसने तालुक्याला जातात. यावर भाषण नको. आकडे लावून ठेवा, वाचणारे वाचतील.

पायरी नववी: आवराआवर

मैदान दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी साफ. महिन्याच्या आत हिशेब पूर्ण करून ग्रामसभेत वाचा, प्रत एक फलकावर लावा. रजिस्टरं मोजून, सही घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात. पानांचे मूळ फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून काढून टाका आणि एकच प्रत शाळेकडे द्या. जातीच्या रकान्याशिवायचा तक्ता, आठवणींची रेकॉर्डिंग आणि स्कॅन केलेले फोटो यांच्या मात्र तीन प्रती करा: शाळा, ग्रामपंचायत आणि समितीतला एक जण.

माजी विद्यार्थी संघ नोंदवायचा का, हा प्रश्न उत्साहाच्या भरात त्याच संध्याकाळी ठरवू नका. नोंदणी केली की दरवर्षी सभा, हिशेब, लेखापरीक्षण आलं. सहा महिन्यांनी पुन्हा बैठक बोलावून बघा. दहा-बारा माणसं न बोलावता आली तर नोंदवा. नाही आली, तर उरलेली रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरा, ठरावाची प्रत आणि पावती घ्या आणि समिती विसर्जित करा.